झाकणावरचं गंध

पद्मनाभ वकिलांची फटफटी त्यांच्या माघारी वर्षभर धारवाडच्या घराच्या पडवीत गोणपाटाखाली उभी होती. पंचवीस वर्षांची जुनी गाडी. वकीलसाहेबांनी तिला जेवढं जपलं तेवढं पोटच्या पोराला जपलं नाही, असं नातेवाईक म्हणत, आणि पोटच्या पोराचं मत त्याहून फार वेगळं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं आणि त्याच महिन्यात त्या पोराला, म्हणजे वरदला, हुबळीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी लागली. तेव्हा गोणपाट निघालं.

वेणूबाईंनी, वरदच्या आईनं, सहाणेवर गंध उगाळून आणलं आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर चांगलं जाड लावलं. टाकीचं झाकण म्हणजे गाडीचं कपाळ, असं त्यांचं म्हणणं. मालक गेल्यापासून कुंकवाच्या करंड्याला त्यांनी हात लावला नव्हता. गंधाला मात्र कुणाची हरकत नव्हती. तेव्हापासून दर शुक्रवारी सकाळी गाडीला गंध लागायचं.

पहिल्याच सोमवारी गाडी उणकलला बंद पडली. मंगळवारी पडली. बुधवारी वरद मनात स्तोत्र म्हणत गेला, तरी पडली.

धारवाडहून निघाली की पाखरासारखी यायची. सत्तूर, रायापूर, नवनगर मागं पडायचं आणि उणकलचं तळं दिसू लागलं की तिचा जोर हळूहळू सरायचा. मूठ पिळली तरी ओढायची नाही. दोन-तीन आचके द्यायची आणि रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली, दगडी कट्ट्याशी येऊन गप्प व्हायची. मग कितीही किका मारा, हूं की चूं नाही. वीसेक मिनिटं वरद त्या कट्ट्यावर बसला, की पहिल्या किकेला सुरू व्हायची. संध्याकाळी परत येताना काही म्हणजे काही नाही.

दुसरा कुणी असता तर जुनी गाडी म्हणून हसला असता. वरदला हसू येत नव्हतं, कारण त्याच कट्ट्यावर त्याचे अप्पा गेले होते.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी. सकाळी दहाच्या सुमारास एका एसटीडी बूथवरून अप्पांचा फोन आला होता. "गाडी ओढेना झालीय, उणकलला बंद पडलीय. प्लगपाना घरीच राहिला. घेऊन ये. वाट बघतो." आई देवळात गेली होती. ओसरीवर कॅरमचा डाव रंगात आला होता. वरद "आलोच" म्हणाला, आणि तो डाव संपवून आणखी दोन डाव खेळला. राणी त्याच्या हातातोंडाशी आली होती, काय करणार? तो पाना घेऊन उणकलला उतरला तेव्हा एक वाजत आला होता. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, नेहमीच्या शिस्तीनं बंद केलेला. किल्ली कोटाच्या खिशात. आणि अप्पा चिंचेला पाठ टेकून, धारवाडच्या रस्त्याकडं तोंड करून बसलेले. किका मारून मारून हृदयावर ताण आला, डॉक्टर म्हणाले.

"बसच मिळाली नाही," असं वरदनं आईला सांगितलं. "तू तरी काय करणार रे," आई म्हणाली. त्याला वाटलं, त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

आता गाडी रोज त्याला तिथंच बसवत होती. कट्टा सावलीत असायचा, सकाळी दगड गार असायचा, पण वरद बसायचा त्याच्या शेजारचा एक हातभर दगड कोमट लागायचा. पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणी वाटसरू नुकताच उठून गेला असेल. चौथ्या दिवशी त्यानं तिथं हात लावणं सोडून दिलं.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजाराच्या मागच्या बोळात, हार्डवेअरच्या दुकानांच्या पाठीला शेषगिरीचं गॅरेज होतं. वीस वर्षं अप्पांची गाडी शेषगिरीनंच बघितली होती. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची पद्धत. पेशंट तपासावा तसा तो गाडी तपासायचा, आणि तेवढाच भावही खायचा.

"कुठं बंद पडत्या म्हणालास?"

"उणकलला. त्याच जागी, शेषगिरीअण्णा. रोज."

शेषगिरीनं एक डोळा उघडून त्याच्याकडं पाहिलं. त्यालाही ती जागा ठाऊक होती. पण तो एवढंच म्हणाला, "कार्बोरेटरात कचरा असंल तम्मा. वर्षभर उभी हाय."

त्यानं कार्बोरेटर उतरवला, जेट फुंकून साफ केला, जुना प्लग काढून नवा लावला. हवेचा स्क्रू केसभर आत, केसभर बाहेर करत इंजिनाचा सूर लावला. गाडी अशी गुरगुरू लागली की शेजारचा खिळेवाला दुकानातून डोकावला. दुसऱ्या दिवशी ती उणकलला बंद पडली. मग शेषगिरीनं फ्लोट बदलला. जोडावरून हवा शिरते का, म्हणून सगळे सांधे नवे बसवले. गाडी उणकलला बंद पडली.

वरदची झोप उडाली. खरं सांगायचं तर त्याला गाडी दुरुस्त व्हायला हवी होती ती कचेरीसाठी नव्हे. हा कार्बोरेटरचा दोष आहे, एवढं त्याला कुणीतरी सिद्ध करून हवं होतं. दोष निघाला नाही, तर मग गाडी कोण थांबवत होतं, हे त्याला नीट माहीत होतं.

"आता असं कर," तिसऱ्या खेपेला शेषगिरी म्हणाला. "उद्या बंद पडली की किक मारू नको. टाकीचं झाकण उघड. आणि कान दे."

दुसऱ्या दिवशी गाडी चिंचेखाली आचके देऊन थांबली. वरदनं झाकण फिरवलं. आणि टाकीनं श्वास घेतला. सूंऽऽ करून, लांब, खोल, बराच वेळ दाबून धरलेला श्वास सुटल्यावर माणूस घेतो तसा. वरद दोन पावलं मागं सरला. मग त्यानं किक मारली. पहिल्याच किकेला सुरू.

"हौदु! सापडलं की!" शेषगिरी मांडीवर थाप मारून म्हणाला. त्यानं झाकण उलटं करून उजेडात धरलं. "इथं बारीक भोक असतंय बघ. पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरनं आत यायला पायजे. भोक बुजलं की टाकी पेट्रोल वडून धरत्या, खाली सोडत नाही. कार्बोरेटर उपाशी. पंधरा मैल म्हण, दहा मैल म्हण, ठरलेलं अंतर गेलं की गाडी मेली. रोज तोच रस्ता, तीच चाल, मग जागा दुसरी कुठली येणार? उभी राहिली की हळूहळू हवा मुरत्या, मग चालू."

"आणि संध्याकाळी?"

"दिवसभर उन्हात असत्या नव्हं? टाकीत वाफ धरत्या. ती वाफ ढकलत्या घरापर्यंत."

वरदला इतकं हलकं वाटलं की त्यानं समोरच्या हॉटेलातून दोन चहा सांगितले. भूत नाही, अप्पा नाहीत, एक बुजलेलं भोक! शेषगिरी झाकण सुलटं करून टाचणीनं ते कोरू लागला. आधी पांढरट भुकटी पडली. "गंध," तो हसला. "तुझ्या आईचं काम." त्यानं टाचणी आणखी खोल घातली. त्याखाली एक घट्ट थर होता. तो खरवडून निघाला तेव्हा शेषगिरीचं हसू थांबलं.

तळहातावर पडलेली भुकटी लाल होती.

चहा आला, तो तसाच राहिला. आईनं या गाडीला शेवटचं कुंकू लावलं ते गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला. अप्पांनी गाडीला हार घातला होता आणि आईनं ओल्या कुंकवाचा मळवट झाकणावर भरला होता. दरवर्षीच भरायची. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ब्रश घेऊन गाडी धुवायची, ते काम वरदचं होतं. गेल्या वर्षी कॅरमचे सामने होते, म्हणून राहिलं.

"आईला सांगणार?" शेषगिरीनं हळूच विचारलं.

"नाही."

"निदान झाकणाला लावू नको म्हणून..."

"का म्हणून विचारेल ती, अण्णा. मग काय सांगू?" वेणूबाई म्हणजे काही भोळी बाई नव्हती. एवढं कानावर पडलं असतं तर बाकीचा माग काढायला तिला अर्धं मिनिटही लागलं नसतं. आपल्याच हातच्या कुंकवानं आपलं कुंकू पुसलं, हे घेऊन तिनं उरलेलं आयुष्य काढायचं? ते वरदला सहन होणार नव्हतं. त्यानं शेषगिरीची टाचणी मागून घेतली आणि शर्टाच्या खिशाला टोचून ठेवली.

मग ते सुरू झालं. शुक्रवारी आई गंध लावायची, आणि कोपऱ्यावर वळलं की वरद गाडी थांबवून चोरासारखा भोक मोकळं करायचा. गाडी आता उणकलवरून भरधाव जायची. पहिले दोन दिवस त्याला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी चिंच मागं पडताना त्याच्या पाठीत एकदम गार शिरशिरी आली. हात करून उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला न थांबता ओलांडून गेल्यावर वाटावं, तसं काहीतरी. आरशात बघायचं त्यानं टाळलं.

तिसऱ्या शुक्रवारी, ऐन सकाळी, ट्रकांच्या वर्दळीत, गाडी चिंचेखाली येऊन बंद पडली.

वरदनं झाकण उघडलं. श्वास नाही. भोकातून पलीकडचं आभाळ स्वच्छ दिसत होतं. टाकी निम्मी भरलेली. प्लग, वायर सगळं जागच्या जागी. मग त्याची नजर टाकीच्या खाली गेली.

पेट्रोलचा कॉक बंद होता. नेहमीच्या शिस्तीनं, पूर्ण आडवा.

चालत्या गाडीवर तो आपोआप फिरत नाही. घट्ट होता तो. दोन बोटांनी जोर लावूनच वळायचा. रस्त्यावर माणसं होती, बस थांबत होती, कुणी कन्नडमध्ये कुणाला तरी हाक मारत होतं, आणि त्यातलं काहीच त्याच्या उपयोगाचं नव्हतं. पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण एकदा न येऊन झालं होतं. तो कट्ट्यावर बसला. शेजारच्या दगडाकडं न बघता, वर्षभर जे तोंडातून निघालं नव्हतं ते त्यानं सांगून टाकलं.

"अप्पा, बस होती. मी कॅरम खेळत बसलो होतो."

चिंचेचं पानही हललं नाही. तो रडला, अगदी नाक पुसत, लहान पोरासारखा. बऱ्याच वेळानं उठून त्यानं कॉक उघडला. हुबळीकडं न जाता त्यानं गाडी धारवाडच्या दिशेला वळवली, पुढं सरकून सीटवर मागं जागा केली आणि म्हणाला, "चला."

गाडी सुरू झाली, पण ओढेना. अमरगोळच्या बाजारसमितीवरून पुढं चढाला तर तिसऱ्या गिअरमध्येही दमली. वरदनं कार्बोरेटरचा विचारसुद्धा केला नाही. डबलसीट गाडी कशी चालते, हे त्याला कळत होतं. लहानपणी अप्पा पुढं असत आणि तो मागं. घरच्या फाटकाशी येईपर्यंत त्यानं मान वळवली नाही. फाटकात गाडी थांबवली, तेव्हा मागच्या स्प्रिंगा करकरल्या आणि सीट बोटभर वर उचलली गेली.

त्यानंतर आठवडाभर गाडी हलकी, मोकळी धावली. उणकलला कट्टा नुसता कट्टा होता.

पुढच्या शुक्रवारी वेणूबाई गंधाची वाटी घेऊन बाहेर आल्या. वरद पायरीवर बूट घालत होता, टाचणी खिशाला होती. आईचा हात झाकणापाशी गेला, तिथं क्षणभर थांबला आणि पुढं जाऊन त्यांनी गंध हेडलाइटला लावलं.

"झाकणाला नाही लावलंस?" वरदनं विचारलं.

"नको म्हणाले."

"कोण?"

"हे. परवा दुपारी डोळा लागला होता माझा, तेव्हा. झाकणाला भोक असतं म्हणाले, बुजलं की गाडी अडते." वेणूबाई वाटीतल्या उरलेल्या गंधाकडं बघत होत्या. "मग मला सगळं कळलं रे. मी विचारलं, माझ्यावर राग धरलात काय? तर म्हणाले, छे, तुला काय ठाऊक. आणि त्या पोरालाही बोलू नकोस, म्हणाले. त्याचा कॅरमचा डाव लांबला. पण आला की न्यायला."

वरदच्या हातातली बुटाची नाडी सुटली. कॅरमचं त्यानं आईला कधीच सांगितलं नव्हतं.

वेणूबाईंनी पदरानं डोळे पुसले, गंधाचं ओलं बोट त्याच्या कपाळाला लावलं आणि म्हणाल्या, "ऊठ आता. कचेरीला उशीर नको करू."