तपकिरी कोळशाची ऊब

गल्लीतल्या सगळ्या छपरांवर बर्फ साचला होता. फक्त त्यांच्या घरामागच्या कोळशाच्या खोलीच्या छपरावर नव्हता. ती दोरीवरची दुपटी काढायला मागच्या अंगणात गेली होती. दुपटी फळीसारखी ताठ झाली होती, बोटं बधिर पडली होती, आणि समोर तो पत्रा कोरडा ठणठणीत. कुणीतरी नुकताच पुसून ठेवावा तसा. ती बघत राहिली.

आत जाऊन लगेच सांगावं, तर घरात तिच्या काळजीची चेष्टाच जास्त. नवरा खाणीत वायरमन होता. तो तिला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणायचा. बाळ शिंकलं की, “आई, सरकारनं तातडीची बैठक बोलावलीय बघ,” असं सासूबाईंना सांगायचा आणि दोघं हसायची. त्यामुळे काहीही बोलायच्या आधी ती आताशा स्वतःचीच उलटतपासणी घ्यायची.

मधल्या खोलीत बाळ गाढ झोपलं होतं. नाक शर्टाच्या बटणाएवढं, म्हणून घरात त्याचं नावच बटण पडलेलं. पलंग भिंतीला टेकवलेला होता आणि भिंतीपलीकडे कोळशाची खोली. ही भिंत थोड्या दिवसांपूर्वी कोमट लागायला लागली, तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं होतं. पलंग तिकडे सरकवला तो सासूबाईंनीच. “आयती ऊब आहे, कशाला सोडा?” आणि खरंच, रात्रभर किरकिरणारं बटण शहाण्यासारखं झोपायला लागलं. गाल गुलाबी झाले. ते गाल सासूबाईंनी शेजारणींना बोलावून बोलावून दाखवले होते.

तिचं डोकं मात्र त्या खोलीत ठणकायचं. अंगणात गेलं की उतरायचं. झोप पुरत नाही म्हणून होत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

आज तिने भिंतीला हात लावला. चटका बसला नाही, पण हात तिथे ठेवावासाही वाटेना. ताप मोजायचं थर्मामीटर तिने पलंगामागच्या विटांच्या फटीत खुपसलं. आकडे भराभर चढत गेले, घरात कुणालाही कधी आला नव्हता एवढा ताप दाखवू लागले, आणि मग आकडेच गेले. नुसत्या रेघा उरल्या.

कॉलेजात तिने रसायनशास्त्र घेतलं होतं. कोळसा कसा तयार होतो, हा प्रश्न पेपरात आला होता आणि तिने तो आकृतीसकट सोडवला होता. पानांनी सूर्याची ताकद वापरून कार्बन आणि ऑक्सिजनची फारकत केली. ती झाडं दलदलीत पडली. साचलेल्या पाण्याखाली हवा पोचेना म्हणून पुरती कुजलीही नाहीत. वर गाळ चढला, भार वाढला, उष्णता वाढली, आणि लाखो वर्षांत त्यांचा कोळसा झाला. हवेतला ऑक्सिजन भेटला की सूर्याची ती दाबून ठेवलेली ताकद बाहेर पडते. शेगडीत आपण ते काडी लावून घडवतो, एवढंच. तपकिरी कोळसा तर या घराण्यातला सगळ्यात कच्चा. जमिनीखाली अजून पुरता शिजलेला नसतो. नुसत्या हवेनेही तो हळूहळू तापतो. ढीग लहान असला तर ती धग निघून जाते. भुकटी असली, खच्चून भरलेली असली, तर आतच कोंडते. जितकं तापेल तितकं भराभर तापत जातं. त्याला काडीची गरज नसते.

पेपरात हे लिहिताना तिला अजिबात भीती वाटली नव्हती.

सासरे स्वयंपाकघरात नळाखाली झारी भरत होते. जन्म खाणीत काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावरही कोळसा हा घरातला त्यांचाच प्रांत होता. यंदा नव्या थरातला, ट्रकभर तपकिरी कोळशाचा चुरा त्यांनी ओळखीवर आणवला होता आणि चार दिवस खपून, तुडवून तुडवून, छतापर्यंत भरला होता. वरच्या झडपेतून ते त्यावर रोज झारीने पाणी मारत. खाणीत धूळ बसवायला मारतात तसं. बटणला धुळीने खोकला नको, हाही त्यात हेतू होताच.

“बाबा, आज पाणी नका मारू,” ती म्हणाली.

“का? नळाला सुट्टी आहे?”

“कोळसा तापलाय. पाण्याने आणखी तापेल. हा कोळसा ओला झाला, सुकला, परत ओला झाला, की जास्त गरम होतो. भिंत बघा ना येऊन.”

“पाण्याने तापतो.” त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. “ऐकलंस का गं? उद्यापासून चहाला विस्तव नको. पाण्यावर पाणी ओतायचं, झाला चहा.”

सासूबाई कणीक मळत होत्या. त्या हसल्या, पण बेतानेच. “अगं, भिंत गरम आहे ते चांगलंच ना? पोर झोपतंय. तू पण झोप जरा, डोळे बघ कसे झालेत.”

“बाबा, खाणीत कधी कोळसा आपोआप पेटलेला बघितला नाहीत तुम्ही?”

झारी भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. मग केला. “खाणीतली एक अख्खी गल्ली विटांनी बंद केली होती आम्ही,” ते म्हणाले. “जुनी गोष्ट आहे. ती खाण होती. हे घर आहे. घरात काय होतंय?”

“ती बंद का करावी लागली?”

“आग होती म्हणून.”

“आग लागेपर्यंत कुणाला कळलंच नाही?”

“आधी वायू कळला,” ते तुटकपणे म्हणाले. “दोघंजण बसल्या जागी झोपले होते. जाऊ दे ना, कशाला ते आता.” आणि ते झारी घेऊन अंगणाकडे निघाले.

झोपले होते. आगीच्या भीतीत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. कोंडलेला कोळसा धुमसतो तेव्हा त्याला हवा पुरत नाही, आणि अर्धवट जळलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. ना रंग, ना वास. विटांच्या फटींतून सहज येतो, रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो, माणसाला गुंगी येते. गाल गुलाबी दिसतात.

ती मधल्या खोलीकडे धावली. “बटण. ए बटण.” तिने बाळाला उचललं, तर मान मागे कलंडली. कपडा उचलावा तसं ते हातात आलं. तिने गालावर चापट मारली, पायाला चिमटा काढला. पापणी हलली, पुन्हा मिटली.

शाल नाही, टोपडं नाही, ती तशीच बाळाला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली.

“अगं वेडी झालीस का?” सासूबाई कणकेच्या हातांनी मागे आल्या. “या गारठ्यात? निमोनिया होईल त्याला. आण इकडे.”

“नाही. आई, तुम्हीही आत जाऊ नका.”

“हे काय बोलणं झालं?”

“जाऊ नका म्हणतेय ना.” आपला आवाज तिला ओळखू आला नाही. बाळाचं तोंड वाऱ्याकडे करून ती त्याची पाठ चोळत होती. श्वास चालू होता, पण इतका बारीक की दर वेळी पुढचा येईपर्यंत तिचा स्वतःचा अडकत होता.

अंगणाच्या कडेला सासरे थांबले होते. एका हातात झारी, दुसरा कोळशाच्या खोलीच्या कडीकडे गेलेला. झडप आज त्यांना पुरेशी वाटली नसावी. दार उघडून सुनेला एकदाचं दाखवून द्यायचं, असा तो पवित्रा होता.

“बाबा, दार उघडलंत तर हवा आत जाईल, भडका उडेल.”

“काही होत नाही, मी...” बोलता बोलता त्यांनी कडी धरली आणि हात झटकन मागे घेतला. त्यांनी बोटांकडे पाहिलं. मग छपराकडे, कोरड्या पत्र्याकडे. पुन्हा हात लावायला ते गेले नाहीत. झारी खाली ठेवली, ती कलंडली, पाणी बर्फावर पसरलं.

त्यांचा चेहरा बघून ती जास्तच घाबरली. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात तिला आशा होती की आपलं चुकत असेल.

“सगळे रस्त्यावर चला,” ते म्हणाले. आवाज खाणीतला होता. “दाराला कुणी हात लावायचा नाही. मी बचावपथकाला बोलावतो. तू पोराला घेऊन दवाखान्यात पळ. डॉक्टरला पहिल्यांदा वायूचं सांग, बाकी सगळं नंतर.”

शेजारच्या शिंप्याने गाडी काढली. सासूबाई कणकेचे हात घेऊनच तिच्याशेजारी बसल्या. वाटेत त्यांनी एकदा बाळाच्या गुलाबी गालाला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं काढून घेतलं. ती सारखी बोलत होती, बाळाशी, काहीबाही: तुझे बाबा येणारेत, गाडी बघ, तो बघ दिवा. गप्प झालं तर श्वास थांबेल असं तिला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ‘वायू’ हा शब्द ऐकताच जास्त काही विचारलं नाही. बाळाच्या नाकातोंडावर मास्क आला, नळीतून ऑक्सिजन सुरू झाला. तिकडे घरी कोळशाला तापवत होता तोच हा. इथे थेंब थेंब मागावा लागत होता.

बराच वेळ काही झालं नाही. तिने मास्कच्या प्लास्टिकवर धरणाऱ्या आणि विरणाऱ्या वाफेवरची नजर काढली नाही. मग बटणने तोंड वेडंवाकडं केलं, मास्क ढकलायला हात उचलला आणि रडायला लागलं. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग नेहमीसारखं, भिंती हलतील असं.

“त्याच खोलीत तुम्हीही झोपता ना?” नर्सने विचारलं आणि तिच्या उत्तराची वाट न बघता दुसरा मास्क तिच्या तोंडाला लावला.

नवरा पोचला तेव्हा खाणीच्या कपड्यांतच होता. बचावपथकाने खोली बाहेरून लिंपून घेतली होती, घर रिकामं केलं होतं; आतली धग विझायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नव्हतं. सासरे तिथेच रस्त्यावर उभे होते. “चला म्हटलं तर नको म्हणाले,” नवरा सांगत होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. काही गंमत करायला तोंड उघडलं असावं, पण केली नाही.

रडून रडून बटण दमलं. श्वास लांब झाले, पापण्या जड होऊ लागल्या. सासूबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. बोटांवरची कणीक वाळून तडकली होती.

“ऐक ना,” त्या हळूच म्हणाल्या. “झोपू द्यायचं का आता त्याला?”

आजवर बाळाविषयी त्यांनी तिला सांगितलं होतं, विचारलं कधी नव्हतं. तिने आपला मास्क बाजूला केला, एक हात बाळाच्या छातीवर ठेवूनच मान वळवली आणि तेच विचारायला डॉक्टरीणबाईंना हाक मारली.