थांबू जरा, भाव उतरेल

टीव्हीचा आवाज जरा कमी करा, मी बोलतेय. मी म्हणजे सिनेमाची चकती. साधी नव्हे हं! ज्यात नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा थेंब न् थेंब दिसतो म्हणतात, त्या हाय डेफिनिशनवाल्यांतली. अंगाने पातळ, डबी तांबडी, तोरा मोठा. तोरा आता उतरलाय. दमलेय मी. आणि खरं सांगू का, फिरून फिरून जेवढी दमले नाही तेवढी एका जागी उभी राहून लोकांचं ऐकताना दमले.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेल्या प्लास्टिकवर साचा दाबला आणि मी झाले. माझ्या पोटात एक जुना रंगीत सिनेमा घातला. त्याआधी तो म्हणे धुऊनपुसून लख्ख केला होता. चित्रावरचे ओरखडे काढले, आवाजातली खरखर काढली. मग मला तांबड्या डबीत बंद करून एका दुकानात धाडलं. मालकाने मला काचेजवळच्या फळीवर ठेवलं आणि माझ्या कपाळावर किमतीची चिठ्ठी चिकटवली. तिथून माझे भोग सुरू झाले.

माणसं आत यायची, मला उचलायची, पुढून बघायची, मागून बघायची आणि चिठ्ठीवर नजर गेली की विंचू चावल्यासारखी खाली ठेवायची.

"एवढ्यात अख्खं घर थिएटरात जाऊन येईल," एक बाई म्हणाल्या, "वर खाऊनपिऊन!"

"याची मी आधी कॅसेट घेतली, मग डीव्हीडी घेतली, आता ही," एक मास्तर कुरकुरले. "एकाच पिक्चरशी माणसाने किती वेळा लग्न करायचं?"

"आणि फरक काय पडतो हो?" त्यांच्या मागचा म्हणाला. "हिरोच्या नाकावरचे तीळ मोजायचेत का आपल्याला?"

बोलून बोलून सगळ्यांची गाडी एकाच वाक्यावर यायची. थांबू जरा, भाव उतरेल. हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलं की दार उघडलं की माझ्याच मनात ते आधी उमटायचं. वाट बघणाऱ्यांचा राग नाही येत मला. खिसा ज्याचा त्याचा. पण ज्या वस्तूकडे सगळेच 'नंतर' म्हणून बघतात, तिला आतून कसं वाटत असेल, हे कुणी विचारत नाही.

त्यातच आमच्यात भाऊबंदकी. आम्ही तांबड्या डबीवाल्या आणि समोरच्या फळीवरच्या निळ्या डबीवाल्या. सिनेमे तेच, गुण तेच, पण आमच्या मशीनवर त्या चालायच्या नाहीत आणि त्यांच्या मशीनवर आम्ही. दोन्हीकडचे मालक हट्टाला पेटलेले. लोक म्हणायचे, दोघांच्या भांडणात आपण कशाला पैसे घालवायचे? एक कोण तरी जिंकू दे, मग बघू.

समोर घड्याळं दुरुस्त करणारे काका होते. एका डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले. एका दुपारी ते बायकोला घेऊन दुकानात आले. काकूंनी मला हातात घेतलं, डबी डोळ्यांच्या अगदी जवळ नेली आणि म्हणाल्या, "हाच तो."

मालक म्हणाला, "आवडता दिसतो काकूंचा."

"आवडता कसला! रडका आहे नुसता," काकू हसल्या. "पण यात माझी आई आहे."

मग सगळं कळलं. काकू लहान असताना त्यांच्या गल्लीत या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. हिरो रस्त्यातून चालत येतो, तेव्हा मागच्या गॅलरीत एक बाई पिवळी चादर झटकते. ती काकूंची आई. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा एकही फोटो घरात नाही.

"कॅसेटवर तोंड दिसतच नाही हो," काकू सांगत होत्या. "आणि हे असे! तेवढी जागा आली की नेमकं थांबवतात. मग पिवळा डाग नुसता थरथरत बसतो."

"थांबवल्याशिवाय नीट बघता येतं का?" काका म्हणाले. "चालत्या घड्याळात कुणी डोकावतं का?"

"शूटिंगवाल्यांनी आईला दम भरला होता म्हणे," काकू मालकाला म्हणाल्या, "गप्प बसेना म्हणून. आमच्या घराण्यात गप्प बसायची पद्धतच नाही."

मालकाने काचेजवळचं मशीन दाखवलं, माझी किंमत सांगितली, मशीनची सांगितली. काकांनी डोळ्यावरचं भिंग उगाचच काढून पुसलं. त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. आज सोन्याच्या भावाने विकलेलं घड्याळ उद्या टोपलीत येतं.

"थांबू जरा," ते म्हणाले. "भाव उतरेल."

"तोवर माझे डोळे थांबतायत का बघा," काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा झिजतोय, हळूहळू सगळं अंधारत जाईल. काकू हे हसत म्हणाल्या, म्हणून काकांनीही ते हसण्यावारी नेलं. मला मात्र त्या हाताची पकड कळली होती. मला परत फळीवर ठेवायला त्यांनी फार वेळ लावला.

त्यानंतर काका रस्ता ओलांडून अधूनमधून यायचे, माझ्या कपाळावरची चिठ्ठी बघायचे आणि जायचे. भाव हटून बसला होता. कधी मालक जुन्या चिठ्ठीवर नवी चिकटवायचा, पण उतार एवढासाच असायचा. काकू एकदा आल्या तेव्हा त्यांनी मला ओळखलं ते रंगावरून. पुढच्या खेपेला काकांनी मला त्यांच्या हातात दिलं. मग त्या यायच्याच थांबल्या.

आणि एक दिवस आम्ही हरलो. तांबडी डबी कायमची बंद, नवीन चकती निघणार नाही, अशी बातमी आली. मालकाने माझ्या तोंडावर एकदम मोठ्या उताराची चिठ्ठी मारली. जी मी काचेजवळ मिरवत होते, ती दारातल्या टोपलीत जाऊन पडले. मास्तर आले, मला उलटसुलट केलं आणि म्हणाले, "फुकट दिली तरी चालवायची कशावर?" स्वस्त झाले तेव्हाही मी कुणाला परवडले नाही!

काका मात्र त्याच दिवशी आले. मालक प्रामाणिक होता. म्हणाला, "काका, हे मशीन बिघडलं तर सुटा भाग मिळणार नाही हं."

"बंद पडलेल्या वस्तूंवरच माझं घर चालतं," काका म्हणाले.

घरी काकू खुर्चीत बसल्या होत्या, तोंड टीव्हीकडे, सवयीने. त्यांना आता खिडकीचा उजेडही अंदाजानेच कळत होता. काकांनी मला मशीनमध्ये सरकवलं. कधीपासून मी या क्षणाची वाट बघत होते, आणि आता मलाच धडधडत होतं.

हिरो चालत आला. गॅलरी आली. काकांनी सवयीने बटण दाबलं. मी जागीच थबकले.

"दिसली!" काका ओरडले. "अगं, दिसली! नाक तुझंच. केस सुटलेत. डाव्या हाताने चादर झटकतेय. आणि तोंड... तोंड उघडं आहे. जांभई देतेय वाटतं."

"माझी आई आणि भरदुपारी जांभई? काहीतरीच!"

"तेव्हा डाग टीव्हीच्या पडद्यावर होता, आता तुझ्या डोळ्याच्या पडद्यावर," काका म्हणाले. "मी थांबलो नसतो तर..."

"झालं ते झालं. पण आता तरी थांबवू नका हो," काकू म्हणाल्या. "थांबवलेलं मला काय दिसणार? चालू राहू दे. आवाज वाढवा."

काकांनी मला थोडं मागे नेऊन सोडलं. हिरो बोलत होता. त्याच्या बोलण्यामागून, वरून, दुरून, पण स्वच्छ आवाज आला: "ए भिंगरी, वर ये आधी!" आणि लगेच कुणीतरी दटावलं, "शूऽऽ!"

काकू खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. त्यांना भिंगरी म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. काकांनासुद्धा ते नाव माहीत नव्हतं.

एवढी वर्षं लोक माझ्या चित्राचा भाव करत राहिले. माझ्या पोटात आवाजही आहे, हे एकानेही विचारलं नाही.

आता मी थकलेय. अंगावर ओरखडे उठलेत. मशीन धापा टाकतं. काका ते उघडून भिंग लावून पुसतात आणि पुन्हा जोडतात. ते एकदा कायमचं बसलं की मी नुसतं गोल ताट. माझं मागणं फार नाही. फळीवरच्या वस्तूला खुशाल थांबायला लावा, आमची सवय आहे ती. पण कुणाकडे वेळ थोडा असेल, तर त्याला 'थांबू जरा' म्हणू नका.

जाते आता. काकांनी बटण दाबलंय, ते आता मध्ये कुठेच थांबवत नाहीत. मी भिंगरीसारखी फिरू लागते, गॅलरीतून हाक येते, आणि काकू खुर्चीतूनच म्हणतात, "आले गं, आले."