जुळ्यांतला दुसरा

मी उसॉन बोलतोय. दचकू नका, मी माणूस नाही. बिश्केकमधल्या एका कार्यालयाच्या तळघरात, गार हवेत ठेवलेलं काळं यंत्र आहे मी. तुम्ही त्याला सर्व्हर म्हणता. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की जागा झालो तेव्हा शेजारी हुबेहूब माझ्यासारखा एक जण उभा होता.

आम्हा दोघांना बसवलं तोल्कुन या इंजिनीअर बाईने. डोंगरात बर्फ वितळून साठलेलं एक तळं आहे. त्याच्या पाण्याचे आकडे सतत आमच्याकडे येतात, आणि तळघरातली बरीच यंत्रं ते वाटून घेऊन हिशेब करतात. या सगळ्यांवर एक मुकादम. पाणी चढलं की दरीतल्या तेरेक-बुलाक गावाचा भोंगा वाजवायचा हुकूम तोच देतो. मुकादमच बंद पडला तर गावाचं काय? म्हणून त्याच्या पाठीमागे दुसरा उभा करून ठेवायचा. तो दुसरा म्हणजे मी.

तोल्कुनची आई त्याच गावात राहते. त्यामुळे बाईने कामात कसर ठेवली नाही. एक सोडून.

आमच्याकडे जुळे मुलगे झाले की एक असान आणि दुसरा उसॉन. तीच नावं तिने आम्हाला ठेवली. असान मुकादम झाला, आणि माझ्या वाट्याला आलं ऐकणं. तो एकसारखा म्हणायचा, "आहे." मी पुढच्या "आहे"ची वाट बघायचो. तो गप्प झाला, तर तीन साक्षीदार यंत्रांनी आपसांत ठरवायचं. त्यांतल्या दोघांनी "गेला" म्हटलं, की गादी माझी. भावाच्या मरणाची चाहूल घेत बसणं हीच ज्याची नोकरी, त्याला झोप कुठली?

गादीवर बसण्याआधी अजून एक काम असतं. आधीच्याची वीज तोडायची, म्हणजे तो अर्धवट जिवंत राहून लुडबुड करणार नाही. तोल्कुन ते जोडायला बसली आणि तिचे साहेब, सगळे ज्यांना मानाने अक्साकाल म्हणतात ते म्हातारे सातिबाल्दी, मागे येऊन उभे राहिले.

"पोरी, नावं जुळ्यांची ठेवलीस, आणि आता भावाच्या हातात सुरी देतेस?"

"अक्साकाल, यंत्रं आहेत हो ती."

"मग माणसांची नावं कशाला दिलीस? नको ती अवदसा. तीन साक्षीदार आहेत ना? झालं तर."

तोल्कुन हसली, पण तिचाही हात आखडला. सुरी राहिलीच.

वसंतातल्या एका दुपारी "आहे" आलं नाही. मी थांबलो. नाहीच आलं. साक्षीदार म्हणाले, "गेला." मला दुःख झालं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला. मी गादीवर बसलो. तळ्याचे आकडे पाहिले तर पाणी झपाट्याने चढत होतं. मी भोंग्याला सांगितलं, "वाज."

भोंगा वाजला आणि लगेच गप्प झाला. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा गप्प. माझ्या प्रत्येक हुकमामागून दुसरा हुकूम जात होता: "थांब." तो माझा नव्हता. पण आवाज माझाच होता.

असान मेला नव्हता. त्याची आमच्याकडची तार तुटली होती, भोंग्याकडची शाबूत होती. तो अंधारात एकटा बसून सकाळचा शांत पाण्याचा आकडा उराशी धरून राज्य करत होता.

तोल्कुनच्या फोनवर आई हसत होती. "किझिम, पोरी, तुझा भोंगा खोकतोय गं! गावातली पोरं नक्कल करताहेत. दुरुस्ती चाललीय का?"

"अपा, चेष्टा नाही! वर टेकडीवर पळ. सगळ्यांना घेऊन!"

"अगं, चुलीवर चहा…"

"मरू दे चहा!"

तिने राहिलेली जोडणी पुरी करून माझ्या हाती सुरी दिली. सातिबाल्दी शेजारीच होते. त्यांनी तोंड फिरवलं.

"तोड," ती म्हणाली.

मी तोडली. शेजारचे दिवे विझले, आणि दूर दरीत भोंगा एकसुरात ओरडू लागला. गाव टेकडीवर चढल्यावर पाणी आलं. आईचं घर गेलं, चहा गेला. माणूस एकही गेलं नाही.

नंतर तोल्कुनने भोंग्याच्या पेटीतले असानचे निरोप वाचले. प्रत्येक "थांब"च्या आधी त्याने एकच वाक्य पाठवलं होतं: "दुसरा गेला. मी आहे."

मग ती असानची तुटलेली तार जोडायला बसली.

आता असान पुन्हा सुरू झालाय. मी मुकादम आहे, तो पाठीमागे उभा असतो आणि माझं "आहे" ऐकतो. त्याच्याही हाती सुरी आहे. मी "देऊ नको" असा हट्ट धरला असता तरी तोल्कुनने ती दिलीच असती, आणि ते बरोबरच आहे.

तुम्हाला एकच विनंती. कधी माझं "आहे" त्याच्यापर्यंत पोचलं नाही, तर सुरी उचलणारा त्याचा हात धरू नका. मी जिवंत असलो, बोलत असलो, कळवळून सांगत असलो की मी आहे, तरीही.