आमच्यापैकी एक

"हे के. एस. गर्दे कोण?"

दुर्गानं इंग्रजीत टाइप झालेलं निबंधाचं पहिलं पान टायपिस्ट मारुतरावांच्या टेबलावर आपटलं. मारुतराव टाइपरायटरच्या फितीची रिळं बदलत होते. बोटं शाईनं काळी झालेली. त्यांनी मान वर करून बघितलं आणि बाई काहीतरी गंमत करतायत असं समजून हसले.

"हसता काय मारुतराव? मी विचारतेय, कोण हे गर्दे? करंजाच्या तेलाचे डबे उन्हात मांडले मी. नाकात वास बसून जेवण जाईना, ते मला. रात्रंदिवस जीव काढला तो मी. आणि मी चार दिवस लग्नाच्या रजेवर काय गेले, आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला? साहेबांचा भाचाबिचा आहे का कुणी?"

मारुतरावांचं हसू हळूहळू मावळलं. बाई गंमत करत नव्हत्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"आवं बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "गर्दे न्हाई, गारडे. के. एस. गारडे. कौशल्या सयाजी गारडे. म्हंजी तुमीच की!"

दुर्गानं पान उचललं आणि ती अक्षरं पुन्हा वाचली.

आता कुणालाही हसू येईल. स्वतःचंच नाव वाचून "हा कोण मेला" म्हणणारी बाई शोधून सापडायची नाही. पण खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलं नव्हतं. तळेगावच्या मांडवात नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं, तेव्हा मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या. बायकांचा गलका चाललेला आणि मावशी मागून ढोसत होती, "उखाणा घे, उखाणा घे." काहीतरी 'कौ' कानावर पडलं, तिनं मान हलवली आणि तांदूळ आवरले गेले. चिंचवडला सासरी गेल्यावर सासूबाई "अगं ए" म्हणत, दीर "वहिनी" म्हणत आणि सयाजीराव नुसतेच खाकरत. नव्या नावानं हाक मारली नव्हती एकानंही. आणि इंग्रजी अक्षरांत तर ते तिनं जन्मात पाहिलं नव्हतं; तिथं गर्दे काय नि गारडे काय, सारखंच.

"म्हणजे... माझं नाव काढून टाकलं तुम्ही?" ती कशीबशी म्हणाली.

"काढून कशाला? बदललं." मारुतराव दुखावले. त्यांनी तर कौतुकानं ते पान पुन्हा नव्यानं टाइप केलं होतं, ठळक दिसावं म्हणून एकेक अक्षर दोनदा मारून. लग्नाला येऊन जिलेब्या खाल्लेला माणूस तो, आपल्या परीनं आहेरच करत होता. "तुमचे मिस्टर स्वतः आले होते कचेरीत. अर्ज दिला, मस्टरवर नाव बदलून घेतलं. चांगला माणूस हाय, आमाला चहा पाजला. म्हनाले, बायकोची खेप वाचंल."

"मला न विचारता?"

मारुतरावांना प्रश्नच कळला नाही. "आता अर्ज नवऱ्यानं दिला म्हनल्यावर आनखी कुनाला विचारायचं, बाई?"

 दुर्गा स्टूल ओढून बसली. पिंपरी स्टेशनपलीकडच्या त्या साबण कारखान्याची प्रयोगशाळा म्हणजे काय, पत्र्याच्या दोन खोल्या. तिथं ती कॉलेज संपल्या संपल्या लागली. तळेगावच्या आबाजी केंजळे मास्तरांची मुलगी शास्त्रज्ञ झाली म्हणून गावानं नाकं मुरडली आणि कौतुकही केलं. तिचा पहिला शोधनिबंध छापून आला तेव्हा मास्तरांनी तो अंक पिशवीत घालून ओळखीच्या प्रत्येक दारी नेला होता. त्या अंकावर 'डी. ए. केंजळे' असं छापलं होतं. 'डी' ती आणि 'ए' ते.

ती उठली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेली.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर निगुडकर चष्मा कपाळावर चढवून निबंधाच्या प्रती लावत होते. निबंधावर तिच्याखाली त्यांचंही नाव होतं. आज दुपारच्या टपालानं हा गठ्ठा कलकत्त्याला, रसायनशास्त्राच्या नियतकालिकाकडे जायचा होता.

"या, मिसेस गारडे! सोबतच्या पत्रावर सही तेवढी करा."

"सर, पहिल्या पानावर माझं जुनंच नाव हवं. मागचा निबंध त्या नावानं आहे. वाचणाऱ्याला कसं कळणार की दोन्ही मीच?"

"कळायला कशाला हवं?" डॉक्टर गालात हसले. "उलट फार बरं झालं. बसा, सांगतो. मागच्या निबंधात तुम्ही काय लिहिलंत? करंजाचं तेल उन्हानं काळं पडतं. चूक निघालं ना ते?"

दुर्गाचे कान तापले. निघालं होतं. सावलीत ठेवलेलं तेल काचेच्या बाटल्यांत होतं आणि उन्हातलं लोखंडी डब्यांत. तेल काळं पडत होतं ते डब्याच्या गंजानं, ऊन बिचारं उगाच बदनाम झालं होतं. एवढी ढळढळीत गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. आली तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. मग तिनंच सगळे प्रयोग पहिल्यापासून केले, आणि त्यातूनच हा निबंध उभा राहिला.

"आता बघा," डॉक्टर म्हणाले, "केंजळे म्हणतात ऊन. गारडे म्हणतात गंज. दोन निराळी माणसं. केंजळेबाईंची चूक गारडेबाईंनी दाखवली, मामला मिटला. कोण कुठली केंजळे, लोक विसरतील. देवानंच लग्न लावून दिलं म्हणा ना तुमचं!"

 दुर्गाला नाव गेल्याचा धक्का एक होता. पण इतका शिकलेला, विलायतेहून आलेला माणूस असं बोलतो? आणि तेही तिच्यावर उपकार केल्यासारखं?

"म्हणजे मी मलाच खोटी पाडायची, आणि वर ओळख नाही म्हणून सांगायचं?"

"भावनेच्या भरात बोलू नका. मस्टरवर जे नाव तेच निबंधावर. कचेरीचा नियम आहे, माझ्या हातात नाही."

"मग सही नाही करत मी."

 कारखान्याच्या भोंग्यानं जेवणाची सुट्टी केली. डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. बाईच्या सहीशिवाय गठ्ठा जाणार नव्हता आणि हे त्यांनाही ठाऊक होतं.

"काय हवंय तुम्हाला?"

"पहिल्या पानावर नियम असेल तर असू दे." तिनं गठ्ठ्यातलं चौथं पान काढून घेतलं. "आत एक वाक्य घालायचं. सगळे लेखक घालतात, 'आमच्यापैकी एकानं पूर्वी असं म्हटलं होतं'. तेवढंच. पण माझ्या जुन्या नावासकट."

"अहो, पण तिथं तर तुमची चूक आहे! स्वतःच्या हातानं ती चव्हाट्यावर मांडणार?"

"माझीच आहे ना ती? दुसऱ्या कुणाची नाही ना?"

डॉक्टरांनी खांदे उडवले. "तुमचं तुम्ही बघा. टपाल चुकवू नका म्हणजे झालं."

मारुतराव डबा उघडून भाकरीचा पहिला घास तोंडात घालणार, तोच दुर्गा ते पान घेऊन समोर येऊन उभी राहिली. त्यांनी घास तसाच डब्यात ठेवला, हात पुसले आणि चौथं पान यंत्रावर चढवलं. मघापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. आपण हौसेनं काय करून बसलो ते त्यांना आता थोडंथोडं उमगत होतं.

"बाई, रागावू नगा. मला वाटलं, तुमाला आनंद हुईल."

"तुमच्यावर नाही हो राग, मारुतराव."

"सांगा, काय घालू?"

तिनं इंग्रजीतून सांगायला सुरुवात केली. हा निष्कर्ष पूर्वी आमच्यापैकी एकीनं मांडला होता. मारुतरावांची बोटं कळांवर चालली, मग थांबली.

"नाव पुरं टाकू, का नुसती अक्षरं?"

"पुरं टाका. दुर्गा आबाजी केंजळे."

त्यांनी एकेक अक्षर जपून मारलं. आबाजींच्या नावाशी एक कळ अडकली, ती बोटानं सोडवली आणि पुन्हा मारली. नाव कागदावर उमटलं. दुर्गा वाकून ते बघत होती. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

"हं बाई. फुडं?"

"पुढं लिहा," ती म्हणाली, "तिचं चुकलं होतं."