गोळी बदलली ते वर्ष

पडद्यांच्या दुकानात कापड कापायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. टेबलावर तागा पसरला की ती खडूची एक रेघ ओढायची आणि विजेची कात्री त्या रेघेवरून अशी सरळ न्यायची, की शिवणाऱ्या बायकांना नंतर सूतभरही ओढाताण करावी लागत नसे. तिला चौदाव्या वर्षापासून फिट्स येत, हे मात्र दुकानात फक्त मालकीणबाईंना ठाऊक होतं. एका गोळीच्या जोरावर फिट्स नऊ वर्षं थांबल्या होत्या.

आता मूल हवं असं नवरा-बायकोचं ठरलं, तेव्हा ती आधी बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी गोळीचं नाव दोनदा वाचलं.

"ही चालायची नाही. बाळाच्या मेंदूला, पाठीच्या कण्याला हिचा धोका असतो. मेंदूच्या डॉक्टरांना विचारून आधी गोळी बदलू, मग दिवस राहू देत. तोवर काळजी घ्यायची."

"किती दिवस?"

"महिने म्हणा. आणि आपल्या मनाने एकही गोळी सोडायची नाही."

जुनी गोळी पाव-पावाने कमी होऊ लागली, नवी वाढू लागली. जोडीला मोठ्या ताकदीची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही सुरू झाली. नवऱ्याने सिगारेट सोडली आणि महिनाभर घरातल्या प्रत्येक वस्तूशी भांडला. गोळी बदलतेय हे कळताच मालकीणबाईंनी विजेची कात्री काढून घेतली आणि मास्तरणीला पडद्यांना कड्या लावायला बसवलं. तिला त्याचं वाईट वाटलंच नाही. नव्या गोळीने तिचं आतलं सगळं बधिर करून टाकलं होतं. बायका हसल्या की तिला ते दिसे, मग आठवून तीही हसे. आत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा तिने "बरं" म्हटलं आणि उरलेली भाजी चिरून टाकली.

पाचव्या महिन्यात ती दुकानातच पडली. शुद्धीवर आली तेव्हा डोक्याखाली कुणाची तरी ओढणी होती, जीभ चावली गेली होती आणि सभोवती कड्या विखुरल्या होत्या. बायका तिच्याकडे बघत उभ्या होत्या. इतकी वर्षं झाकलेलं उघडं पडलं, आता लाज वाटेल म्हणून ती वाट पाहत राहिली. वाटली नाही. डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी वाढवली आणि म्हणाल्या, "आता पुन्हा सहा महिने थांबायचं."

ते सहा महिनेही गेले. फिट आली नाही. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात पाळी चुकली. तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या, तसा नवरा न्हाणीघरात बादली उपडी घालून तिच्यावर बसला आणि उठेचना.

"तुला काय वाटतंय?" त्याने विचारलं.

"बादली तडकेल," ती म्हणाली.

सासूबाई राहायला आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी गोळ्यांचा डबा पाहिला. "आता तीन महिने हे बंद ठेव गं. आम्ही कुठे काय घेत होतो? पोटातल्याला कशाला विष?"

नवरा खाली मान घालून बसला. तिने गोळी तळहातावर घेतली. एक विचार तिच्या मनात आला आणि बराच वेळ हलेना: हिला सोडलं, तर आपल्याला पुन्हा काही वाटू लागेल. बाळाबद्दलसुद्धा. मग तिला दुकानातली फरशी आठवली. आता आपण पडलो तर एकटे पडणार नाही.

"आई, हिच्यामुळे मी उभी आहे," ती म्हणाली आणि पाण्याबरोबर गोळी गिळली. "उद्या माझ्याबरोबर चला. बाईंनाच विचारा."

सासूबाई खरंच गेल्या आणि त्यांनी ताठ बसून विचारलंही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं समजावलं, सुनेचं रक्त तपासायला घेतलं आणि गोळी कमी तर नाहीच, उलट थोडी वाढवली; गरोदरपणात औषध शरीरातून लवकर निघून जातं, म्हणाल्या.

बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. पडद्यावर काहीतरी हललं. ठोके नीट होते, कणाही नीट दिसत होता, पुढची बारीक तपासणी पाचव्या महिन्यात. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तरीण पोटावरचं जेल पुसत होती.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मला काहीच वाटत नाही. दीड वर्ष झालं."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या. "हे आधी सांगायला हवं होतंत. गोळीमुळेही होतं असं. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलते, मार्ग काढू. तुमचा दोष नाही यात."

बाहेर बाकावर सासूबाईंनी तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

"तुझा नवरा माझ्या पोटात होता तेव्हा मलाही कितीतरी दिवस काही वाटलं नव्हतं," त्या समोर बघत म्हणाल्या. "कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही."

मास्तरणीने त्यांच्याकडे पाहिलं. दोघी बसून राहिल्या, आणि थोड्या वेळाने मास्तरणीला भूक लागली, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.