हाकेच्या अंतराची मोजणी

नियोजित महामार्गाला विरोध करण्यासाठी आमच्या गल्लीने हरकतीचा जो मसुदा तयार केला, त्याच्या पहिल्याच वाक्याला मी हरकत घेतली. वाक्य असे होते : 'हा रस्ता आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर येत आहे.' मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळतो. एककाविना आलेली संख्या मला खुपते. इथे तर संख्याही नव्हती.

"हाक कोणाची? वारा कुठल्या दिशेचा? ऐकणाऱ्याचं वय काय?" मी विचारले.

"हाक माझी," मसुदा लिहिणारे डबलबेल म्हणाले. ते निवृत्त बसकंडक्टर. दोनदा घंटी वाजली की बस सुटते, हा नियम त्यांनी उरलेल्या आयुष्यालाही लागू केला होता. स्वतःचे बोलून झाले की टेबलावर दोन टिचक्या मारून ते चर्चा पुढे हाकत. "आणि मास्तर, माझी हाक काय चीज आहे ते विचारा कोणालाही. बिनतिकिटाचे लोक उतरून गेलेले परत आलेत."

टिचक्या पडल्या. वाक्य राहिले.

आमच्या घरांच्या मागे पडीक जमीन आहे आणि तिच्यापलीकडे दगड काढून काढून अर्धी उरलेली टेकडी. नकाशातली लाल रेघ टेकडीच्या अलीकडून, आमच्या मागच्या दारांना जवळजवळ चाटून जात होती. विरोधाची कारणे ज्याची त्याची होती. सुताराला धुळीची धास्ती होती, इस्त्रीच्या मावशींना दोरीवरच्या कपड्यांची. माझे कारण एकच होते आणि ते माझ्याच घरात राहत होते.

माझी ताई रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. तिची दृष्टी तरुणपणीच गेली. त्यानंतर आईवडील गेले, आणि तशा अवस्थेत नोकरी धरून तिने मला शिकवले. ती कामावर एकटी जाते आणि एकटी येते. काठी पायापुरती, बाकीचा रस्ता कानाने. कोपऱ्यावर पावाच्या भट्टीचा पंखा घरघरला की डावीकडे वळायचे. मग सुताराचा रंधा, मग मावशींची जड इस्त्री टेबलावर पडल्याचा धप्प आवाज, मग डबलबेलांचे कुरकुरणारे फाटक, आणि शेवटी आमच्या अंगणातला गळका नळ. प्रयोगशाळेतल्या नळ्यांची गळती शोधून बंद करणे हे माझे रोजचे काम असूनही त्या नळाला हात लावायची मला सक्त मनाई आहे. "तो नळ नाही रे, ती घराची पाटी आहे," ताई म्हणते.

महामार्गाने कान बधिर होणार नव्हते. तेवढा आवाज असता तर आमचे काम सोपे झाले असते. तो अखंड, एकसुरी, मर्यादेच्या आसपासचा असणार होता. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, आणि गळक्या नळासाठी कोणत्याही नियमात मर्यादा घातलेली नाही. महामार्ग झाला तर ताईला रोज कोणाचा तरी हात धरून जावे लागणार होते. मी तिला ओळखतो. तिने हात धरला नसता, नोकरी सोडली असती.

आवाजाची मोजणी करायला इंजिनीअर येणार असे कळले, तेव्हा मी शेजाऱ्यांना पद्धत समजावून सांगितली. आजचा आवाज यंत्राने मोजतात, उद्याचा गणिताने काढतात आणि दोहोंतला फरक पाहतात.

"म्हणजे आजचा जितका कमी, तितका फरक जास्त," सुतार म्हणाला.

"बरोबर."

"बरं," असे म्हणून त्याने डबलबेलांकडे पाहिले. दोन टिचक्या वाजल्या.

वजाबाकी अचूक होती. माणसे चुकलेल्या गणितामुळे अडचणीत येतात हा समज अपुरा आहे. बरोबर आलेले गणितही बरेच नुकसान करते.

मोजणीच्या दिवशी मी रजा घेतली. इंजिनीअर ही एक तरुण बाई होती. तिने गल्लीच्या मध्यावर तिपाई उभी केली, मायक्रोफोनवर स्पंजचा गोळा चढवला आणि यंत्राच्या पडद्याकडे बघत भुवया उंचावल्या. भट्टीचा पंखा बंद होता. सुतार हातावर हात ठेवून दुकानात बसला होता. मावशींनी इस्त्रीखाली गोधड्यांची चवड रचली होती. फाटकाला तेल मिळाले होते. आमच्या नळाला कोणीतरी फडके गुंडाळून त्याचे टोक खाली बादलीत सोडले होते, त्यामुळे पाणी गुपचूप उतरत होते. लोक पायमोजे घालून ये-जा करत होते. या बेताबद्दल मला कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी नाही म्हणालो असतो, हे त्यांना ठाऊक होते.

"इथे कोणी राहतं ना?" इंजिनीअरबाईंनी विचारले.

"राहतात. आज जरा शहाण्यासारखे राहतायत," मी म्हणालो.

खरे काय ते त्यांना सांगावे की शेजाऱ्यांचे मन राखावे, याचा मी विचार करत होतो. सांगावेच लागणार होते. वाक्याची जुळवाजुळव चालली होती. ताईची कोणालाच चिंता नव्हती, कारण ती संध्याकाळी परतायची. पण रुग्णालयाचा बोर्ड त्या दिवशी दुरुस्तीला निघाला आणि तिला दुपारीच सुट्टी मिळाली.

ती कोपऱ्यावर दिसली. तिथे थबकली, काठीने कडा चाचपली आणि अंदाजाने वळली. काही पावले नेहमीच्या वेगाने आली, मग हळू झाली. सुताराच्या दुकानासमोर ती थांबली. डावा कान पुढे केला, मग उजवा, आणि तसे करताना तिचे अंग नकळत फिरले. आता तिचा चेहरा भिंतीकडे होता. काठी हवेत अर्धवर्तुळ काढून परत आली.

"कोणी आहे का?" ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. ताईला असे विचारताना मी आयुष्यात ऐकले नव्हते. ती विचारत नसे, तिला माहीत असे.

मी तोंड उघडण्याआधी लोखंडावर दोन ठोके पडले. डबलबेल आपल्या फाटकापाशी हातात पाना घेऊन उभे होते. त्या ठोक्यांनी गल्ली सुटली. सुताराने रंधा उचलून समोर होते त्याच्यावर चालवायला सुरुवात केली. मावशींनी गोधड्या ओढून फेकल्या आणि इस्त्री आदळली. कोपऱ्यावरचा पंखा खोकला, मग लागला. कोणीतरी मोजे घातलेल्या पायांनी आमच्या अंगणात धावले आणि नळ टपकू लागला.

ताईने चेहरा वळवला, काठी सरळ केली आणि निघाली.

"रंध्याखाली लाकूड नाहीये," सुताराच्या दारात ती म्हणाली.

"टेबल आहे, ताई."

"जपून. असंच चालू ठेवलंत तर त्यातून आरपार दिसेल. तुम्हाला, मला नाही."

डबलबेलांपाशी ती पुन्हा थांबली. "फाटकाला तेल कोणी घातलं?"

"मीच. चुकलं."

"गंजू दे परत," ती म्हणाली आणि नळाच्या दिशेने गेली.

इंजिनीअरबाई यंत्राकडे पाहत नव्हत्या. "या कोण?"

"माझी मोठी बहीण."

त्यांनी यंत्र बंद केले. "आजची मोजणी रद्द. परत येईन. तेव्हा नेहमीसारखं राहा." त्या परत आल्या तेव्हा तिपाई त्यांनी आमच्या अंगणात, नळाजवळ लावली. मी सुचवले नव्हते.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी तोडगा मांडला : आवाज अडवणारी भिंत बांधू, सरासरी मर्यादेत येईल, सर्वांना शांतता मिळेल. इंजिनीअरबाईंनी पहिल्या मोजणीच्या दिवशी जे पाहिले ते कोणतेही विशेषण न लावता सांगितले. मग ताई उभी राहिली.

"शांतता नको, साहेब. शांततेत मी माझ्याच गल्लीत हरवले. मला तिथले आवाज हवेत. ते ऐकू येतील एवढं अंतर ठेवा, बाकी तुमचा रस्ता खुशाल होऊ दे."

अधिकाऱ्यांनी मसुदा चाळला. "यात लिहिलंय, हाकेचं अंतर. म्हणजे नक्की किती?"

डबलबेलांनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो, आणि जे वाक्य मला खोडायचे होते त्याचीच बाजू मांडू लागलो.

"ते स्थिर नसतं. आज भट्टीपाशी दिलेली हाक आमच्या अंगणात ऐकू येते. रस्ता आमच्या मागून गेला तर तीच हाक सुताराच्या दुकानापाशी विरेल. भिंत बांधली तर फार तर मावशींपर्यंत पोचेल. रस्ता हाकेच्या अंतरावर आला, की हाकेचं अंतरच आखडतं. आमची हरकत एवढीच आहे."

खाली बसताना पाठीमागे बाकावर दोन टिचक्या ऐकू आल्या.

सुधारित नकाशात रेघ टेकडीच्या पलीकडे गेली. तिथे वस्ती नाही, जुनी खाण आहे. बदलाचे कारण म्हणून आमच्या मागच्या जमिनीची भुसभुशीत माती दाखवली होती. मातीच्या चाचण्या मी पाहिल्या. त्या खऱ्या आहेत. आमच्यामुळे त्या चाचण्या पुन्हा झाल्या की त्या व्हायच्याच होत्या, हे मला सिद्ध करता येणार नाही. डबलबेलांना सिद्धतेची गरज वाटत नाही. "माती कोणाची? आपलीच ना?" ते म्हणतात.

जे सिद्ध करता येते ते एवढेच. ताईच्या येण्याच्या वेळी सुताराकडे काम नसले तरी रंधा चालतो. मावशी इस्त्री गरज नसताना आदळतात. फाटकाला कोणी तेल घालत नाही. याबद्दल मी सुताराचे आभार मानायला गेलो, तेव्हा त्याने टेबलावरचा खळगा दाखवून, आता यात खिळे ठेवायला बरे पडते, असे सांगितले आणि विषय संपवला. मला आणखी बोलायचे होते. मी त्याच्याकडूनच थोडे खिळे विकत घेऊन परत आलो. खिळ्यांची मला गरज नव्हती.

नळाचे एकदा भलतेच झाले. आतला वायसर आपोआप बसला आणि टपकणे थांबले. मी पाना घेतला आणि इतकी वर्षे ज्या हाताने गळत्या बंद केल्या त्याच हाताने तो सैल केला. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादली ठेवली आणि ती भरली की झाडांना घालायची, असे ठरवले.

त्या संध्याकाळी फाटक कुरकुरले, काठी जवळ आली आणि अंगणाच्या तोंडाशी थांबली.

"बादली रिकामी कर," ताई म्हणाली. "भरत आली की आवाज वर चढतो. आपलं घर मला शेजारच्यांचं वाटायला लागतं."

मी बादली उचलून झाडांना पाणी घातले आणि पुन्हा नळाखाली ठेवली. पहिला थेंब तळाला आपटला तशी ती आत आली.