आडवे शिपाई

त्या वर्षीच्या लीगची सहावी व अखेरची फेरी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात भरली. अंगठ्याएवढ्या शिपायांची सैन्ये टेबलावर मांडायची, फासे टाकून लढायचे, आणि सुरुवातीच्या तीस शिपायांत दरमहा चोवीसांची भर घालायची, असा तो खेळ.

कवळ्या बनवणारा कारागीर जिन्यापाशी थोरल्या भावाची वाट पाहत होता. वडिलांच्या शेवटच्या आजारात कोण किती राबले, यावरून दोघांनी सात वर्षे एकमेकांचे तोंड पाहिले नव्हते. जूनमध्ये धाकट्याने जोडीच्या लीगचा अर्ज पाठवला. थोरल्याने सही केली, पण बजावले, "खेळ असेपर्यंत येईन. पुढचं धरून चालू नकोस." आज जिंकणारी जोडी वर्षभराच्या मोठ्या लीगमध्ये जाणार होती. कारागिराला करंडकाशी कर्तव्य नव्हते. त्याला आणखी बारा रविवार हवे होते.

त्याच्या सैन्याचा विषय होता माघार: फाटके कोट, पट्ट्या बांधलेली डोकी, पाठुंगळीला घेतलेले जखमी. नियमाप्रमाणे पडलेला शिपाई पुढच्या फेरीत पुन्हा उभा करता येई. कारागिराला ते पटले नाही. माघारीत मेलेला माणूस महिन्याभरात चालू लागला, तर ती माघार कसली? म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो पडलेल्यांना बारीक करवतीने घोट्यापासून कापी, आडवे चिकटवी आणि वर चिखलाचा रंग देई. पहिल्या महिन्यात कामावरच्या लोकांनी वाहवा केली. पुढे कोणी काही म्हणेनासे झाले, तरी तो कापतच राहिला.

"लिफ्ट बंद!" तोफांची पेटी सावरत थोरला धापा टाकत वर आला. "जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, आणि माझ्याच नशिबी जिना!"

धाकटा विनोदाच्या मानाने जरा जास्तच हसला.

पंच हे निवृत्त मोजणीदार. यादीवर बोट ठेवून ते म्हणाले, "अखेरच्या फेरीला प्रत्येक जोडीचे किमान एकशेवीस शिपाई लागतात. तुमचे अठ्ठ्याऐंशी भरले."

"बाकीचे डब्यात असतील, साहेब," थोरला म्हणाला. "काढ रे."

कारागीर जागचा हलला नाही. थोरल्यानेच झाकण उघडले. बासष्ट शिपाई चिखलात तोंड खुपसून पडले होते. त्याने एकाला उभे करू पाहिले. बूट एकीकडे, माणूस दुसरीकडे.

"हे काय करून ठेवलंस?"

"मेले होते, दादा."

"अरे, खेळातले होते! परत उठणार होते!" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझं हे पहिल्यापासूनचंच. एकदा पडला की पडला. पुन्हा उभं राहूच द्यायचं नाही कुणाला."

 कारागीर पंचांकडे वळला. अट त्याने वाचली होती. मेलेलेही संख्येत धरतील, याविषयी मात्र त्याला तिळमात्र शंका नव्हती. "साहेब, मेलेला शिपाईसुद्धा सैन्याचाच ना? उभ्यांपेक्षा यांच्यावर जास्त खपलोय मी. नखं बघा यांची."

मोजणीदारांनी भिंग काढले. दहाबारा प्रेते त्यांनी मनापासून न्याहाळली. तोवर थोरल्याने तोफा पेटीत भरून कडी लावली होती आणि तो कोटाच्या बाहीत हात घालत होता.

"काम उत्तम आहे," मोजणीदार म्हणाले. "पण आडवे मोजत नाहीत. जोडी बाद."